जुने चिरेबंदी घर कमी विजेत राहण्याजोगे करताना

कोकणातली बरीच जुनी कौलारू घरे उभी राहिली तेव्हा गावात वीज आलेलीच नव्हती. घराला आपल्याच जोरावर थंड राहावे लागे आणि पावसाळ्यात कोरडेही राहावे लागे. जांभ्याच्या जाड भिंती, उंच आढे, खाली उतरलेली वळचण, पुढे ओटी-पडवी, मागे परस आणि समोरासमोर दारे हे सगळे त्यासाठीच होते. आज तेच घर मे महिन्यात भाजते आणि जुलैत कुबट वास मारते. बहुतेक वेळा त्याचे कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत घातलेल्या गोष्टींत सापडते: भिंतीवर सिमेंटचा गिलावा, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, विटांनी बंद केलेली पडवी, भिंतीला भिडवलेले सिमेंटचे अंगण. म्हणून कामाची सुरुवात काही काढण्यापासून करावी लागते. एसी आणि सोलर शेवटी येतात.

क्रम असा ठेवा: पाणी, लाकूड, भिंत, हवा, छप्पर, आणि मग वीज. ओल्या घरात पंखा कितीही फिरवला तरी घाम सुकत नाही. वाळवी लागलेल्या वाशांवर सोलरचे वजन टाकणे तर धोक्याचेच.

पाहणी भर पावसात करा

चाकरमानी मंडळी गणपतीला येतात, घर पाहतात आणि दिवाळीनंतर काम काढतात. हा क्रम चांगला आहे, फक्त पाहणी थोडी अलीकडे, जुलैच्या झडीत झाली पाहिजे. घर कुठे गळते हे तेव्हाच दिसते. डिसेंबरात गवंडी फक्त डाग दाखवू शकतो.

वही, टॉर्च, जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि खडू एवढे सामान पुरते. कौलांच्या आतल्या बाजूला जिथे थेंब दिसेल तिथून वर आढ्याकडे वाशावरून ओल शोधत जा. पाणी शिरते एका जागी आणि वाशावरून ओघळत चार-पाच फूट खाली टपकते. शिरण्याच्या जागेवर खडूची खूण करा. भिंतीवर ओल किती उंचीपर्यंत चढली आहे तिथेही रेघ मारा आणि तारीख लिहा. मे महिन्यात पुन्हा पाहा. ओल रेघेपर्यंत तशीच असेल तर ती जमिनीतून येते आहे. ती सुकून गेली असेल तर वळचणीचे किंवा झडीचे पाणी भिंत भिजवते आहे. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

एक सोपी परीक्षा: फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बसवा. २४ तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले असेल तर भिंतीतच ओल आहे. खोलीकडच्या बाजूला जमले असेल तर ती हवेतली वाफ थंड पृष्ठावर बसते आहे.

लाकडासाठी स्क्रू-ड्रायव्हर. तुळया आणि वासे भिंतीत शिरतात ती टोके आधी कुजतात, कारण तिथे हवा लागत नाही. भिंतीलगतच्या सहा इंचांत स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. पाव इंचापेक्षा जास्त सहज गेला तर ते टोक बदलावे लागेल. ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, खाली पिठासारखा भुसा पडत असेल, भिंतीवर मातीच्या नळ्या चढल्या असतील तर तेही टिपून ठेवा. भुसा म्हणजे पोखरणारा भुंगा, मातीची नळी म्हणजे वाळवी.

भिंतीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग, करंगळी जाईल एवढी रुंद, दिसली तर तिथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. मातीच्या जोडणीतल्या भिंती वजन छान पेलतात, पण आडवा हादरा त्यांना सोसत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचे धक्के कोकणातही बसले होते. म्हणून अशा भिंतीत 'मोठी खिडकी काढूया' म्हणत नवी भगदाडे पाडू नयेत, आणि दोन खोल्यांमधली भिंत काढून हॉल करायचा हट्टही धरू नये.

कागद

हे कंटाळवाणे वाटते, पण यातच वर्ष जाते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या करआकारणीची नोंदवही) घर कोणाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर किती सहहिस्सेदार आहेत आणि विजेचा मीटर कोणाच्या नावे आहे, या तीन गोष्टी आधी पाहा. मीटर आजोबांच्या नावावर आणि आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली, ही कोकणातली नेहमीची स्थिती. सोलरच्या अनुदानाचा अर्ज मीटरच्या नावावरच होतो, त्यामुळे नावबदल पहिल्या दिवशीच अर्जाला टाका.

घर समुद्र किंवा खाडीच्या काठाजवळ असेल तर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) लागू होतो. आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, जोत्याचे क्षेत्र आणि एफएसआय (भूखंडाच्या मानाने एकूण बांधकाम) न वाढवता, करता येते. जोते एक फुटाने जरी बाहेर आले तरी प्रश्न वेगळा होतो. म्हणून काम सुरू होण्याआधी जुन्या जोत्याची चारही बाजूंची मापे आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.

पहिली पायरी: पाणी बाहेर काढणे

किनारपट्टीवर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. १०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. हे सगळे वळचणीवरून पागोळ्यांनी भिंतीच्या पायथ्याशी पडते. ते तिथून दूर गेले नाही तर पुढचा खर्च वाया जातो.

वळचण भिंतीपासून किमान अडीच फूट बाहेर हवी, पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला तीन फूट. कमी असेल तर वाशांना जोड देऊन वाढवता येते. पागोळी पडते त्या रेषेखाली दीड फूट रुंद, एक फूट खोल चर खणा. तळाला दर दहा फुटांना एक इंच उतार घराबाहेर द्या आणि चर ४० मिलिमीटर खडीने भरा. चर आणि जोत्याच्या मधली जागा मोकळी ठेवा, माती किंवा खडीची. तिथे सिमेंटचा कोबा असेल तर फोडा. काँक्रीटखालची ओल वर उडू शकत नाही, मग ती सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे जांभ्यातून, भिंतीत चढते. अंगणाला पेव्हर ब्लॉक लावल्यावर दोन पावसाळ्यांत माजघराच्या भिंती काळ्या पडण्याचे कारण हेच.

पन्हळ लावली तर पाणी साठवताही येते. वरच्या तीन लाख लिटरपैकी, सांडणे-उडणे वजा जाता, दोन-सव्वादोन लाख लिटर हाती येऊ शकते. घरातल्या माणसांना एप्रिल-मे काढायचे असतील तर निदान १०,००० लिटरची टाकी आणि उरलेले पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडणे हा मेळ बसतो. पहिल्या एक-दोन मोठ्या सरींचे पाणी बाहेर सोडून द्या. त्यात सुकलेला पाला, उंदरांची लेंडी आणि कौलांवरचे शेवाळ असते. विहिरीची पातळी टिकली की पंपही कमी वेळ चालतो. १ एचपीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो, हे लक्षात असू द्या.

दुसरी पायरी: लाकूड

चूल होती तोवर धुराने माळ्यावरचे लाकूड कोरडे राही आणि किड्यालाही आवरत असे. गॅस आला, चूल गेली, आणि वर्षातले दहा महिने घर बंद राहू लागले. आता हे काम औषधाला आणि हवेला करावे लागते.

कुजलेले टोक पूर्ण तुळई न बदलता दुरुस्त होते. आधी तुळईला खालून टेकू द्या. कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापा, त्यापुढे आणखी सहा इंच कापा. त्याच जातीचे, पक्के वाळलेले लाकूड तिरका सांधा करून जोडा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवा आणि १२ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट वापरा. भिंतीतल्या खोबणीत टोकाच्या तिन्ही बाजूंना अर्धा इंच पोकळी सोडा. ती सिमेंटने भरण्याचा मोह गवंड्याला होतोच. तसे केले तर नवे टोकही पाच-सहा वर्षांत कुजेल. पाडलेल्या घरांतले जुने सागवान, आइन किंवा फणस मिळाला तर तो ओल्या नव्या लाकडापेक्षा नेहमी चांगला, कारण त्याचे आकुंचन कधीच होऊन गेलेले असते.

आतल्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाण्यातले द्रावण दोन-तीन हात लावतात. हे द्रव्य पावसात धुऊन जाते, म्हणून बाहेर चालत नाही. वळचणीतल्या उघड्या टोकांना काजूच्या टरफलांचे तेल पूर्वीपासून लावतात. त्याने कातडीवर फोड येतात. रबरी हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका.

वाळवीसाठी जमिनीत क्लोरपायरिफॉस सोडण्याची पद्धत आहे: भिंत आणि जमिनीच्या सांध्यात दर फुटाला १२ मिलिमीटरचे भोक आणि प्रत्येकात एक लिटर द्रावण. प्रमाण २०% औषध १ लिटर आणि पाणी १९ लिटर. विहीर घराला लागून असेल तर हे करू नका. जांभ्याची जमीन भोकाभोकांची असते आणि औषध विहिरीत उतरते. अशा घरात मातीच्या नळ्या दर महिन्याला मोडणे, लाकूड जमिनीपासून वर उचलून चिऱ्यावर टेकवणे आणि वारूळ शोधून काढणे हाच मार्ग धरा.

तिसरी पायरी: भिंतीला श्वास घेऊ देणे

जांभा सच्छिद्र आहे. पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी भेगांतून आत जाते आणि बाहेर यायची वाट बंद होते. आतली ओल मग खोलीकडे येते, रंगाचे फुगे धरते आणि वाळताना क्षार मागे ठेवते. किनाऱ्यालगत हे क्षार मिठाचे असतात. पांढरी बुरशीसारखी लव दिसते ती बहुधा तीच. ओल्या भिंतीत उष्णताही जास्त शिरते, म्हणून हे काम विजेच्या बिलाशी थेट जोडलेले आहे.

आधी एक चौरस मीटर गिलावा काढून पाहा. छिन्नी-हातोड्याने, वरून खाली, आडव्या फटक्याने. ब्रेकर मशिन वापरू नका, मातीची जोडणी हादऱ्याने सुटते. चिरा बरोबर उखडत नसेल तर पुढे जा. कुठे गिलावा घट्ट बसला असेल आणि काढताना चिऱ्याचा पापुद्रा निघत असेल तर तेवढा तुकडा तसाच राहू द्या.

गिलावा निघाल्यावर भिंत सुकू द्या. जाड भिंतीला दर इंचाला साधारण एक महिना लागतो, म्हणजे चौदा इंची भिंतीला वर्षाहून थोडे जास्त. घाई इथेच नडते: नोव्हेंबरात गिलावा काढून डिसेंबरात रंग दिला की पुढच्या पावसाळ्यात पैसे गळून पडतात. क्षार वर आले तर कोरड्या ब्रशने झाडून कचरा घराबाहेर टाका. पाण्याने धुतले की ते विरघळून पुन्हा आत जातात.

मग दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरायच्या. जुनी माती किंवा चुना सांध्यातून इंचभर खोल काढा, झाडा, पाणी शिंपडा. मिश्रण मापाने १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची किंवा जुन्या कौलाची पूड, तिच्यामुळे चुना दमट हवेतही धरतो. कळीचा चुना विरवताना चुना पाण्यात टाका. पाणी चुन्यावर ओतू नका, उकळून अंगावर उडते. चष्मा हवाच. विरवलेला चुना पाण्याखाली निदान पंधरा दिवस मुरू द्या, तीन महिने मुरला तर उत्तम. खाडीची वाळू वापरू नका, धुतली तरी मीठ राहते. नदीची वाळू किंवा चांगली क्रश सँड घ्या. पाणीही गोड्या विहिरीचे. चुन्याचे काम उन्हात भराभर सुकले तर भुसभुशीत होते, म्हणून ओली गोणपाटे टांगून आठवडाभर सावलीत आणि ओले ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम.

बाहेरून जांभा उघडा ठेवला तरी चालतो. झडीच्या बाजूला, पश्चिमेला, चुन्याचा गिलावा दोन थरांत द्या, प्रत्येक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. आतून चुन्याची सफेदी: १ किलो चुना, सुमारे ५ लिटर पाणी, थोडा डिंक, पातळ तीन हात. काही ठिकाणी सफेदीत मीठ टाकतात. समुद्राजवळ ते टाळा, मीठ हवेतली ओल ओढते. ॲक्रिलिक किंवा 'वॉटरप्रूफ' रंग या भिंतींवर अजिबात नको.

जमिनीबद्दल थोडेसे. जूनमध्ये गुळगुळीत टाइल्सना 'घाम' येतो कारण गरम दमट हवा थंड, न शोषणाऱ्या पृष्ठावर थांबते. जमीन नव्याने करायची असेल तर आठ-नऊ इंच खणून सहा इंच मोठी, बारीक चुरा नसलेली खडी घाला, त्यावर चुन्याचा कोबा. खडीतल्या पोकळ्यांमुळे खालची ओल वर चढत नाही. सारवलेली जमीन चांगली असेल तर ती मोडू नका.

चौथी पायरी: वारा

आपल्याकडे दिवसा समुद्रावरून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा. म्हणजे दिवसा पश्चिमेची आणि रात्री पूर्वेची उघडी जागा वारा आत घेते. ओटीचे दार, माजघराचे दार आणि मागचे दार एका रेषेत असते ते यासाठी. ही रेषा कपाट, फ्रिज किंवा प्लायवुडच्या पार्टिशनने अडली असेल तर आधी ती मोकळी करा. एवढ्याने फरक त्याच दिवशी कळतो, आणि खर्च काही नाही.

सरकत्या खिडकीत फक्त अर्धी जागा उघडते. जुन्या लाकडी दुहेरी झडपांच्या, गजांच्या खिडकीत पूर्ण उघडते, आणि वरची झडप उघडी ठेवून खालची बंद करता येते. झडप सडली असेल तर तेवढीच बदला. डासांची जाळी खिडकीच्या चौकटीत कायमची ठोकली की वारा बराच अडतो. वेगळ्या झडपेवर बसवा, म्हणजे भर दुपारी डास नसतात तेव्हा उघडता येईल.

गरम हवा आढ्याखाली साठते. तिला वाट हवी. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वरच्या बाजूला झरोका ठेवा, साधारण दीड फूट बाय एक फूट, वरून तिरक्या पट्ट्या आणि आतून स्टेनलेस जाळी. जाळी दणकट हवी. वटवाघूळ, उंदीर आणि उदमांजर तिघांनाही माळा आवडतो आणि साधी नायलॉन जाळी उदमांजर एका रात्रीत फाडते. विटांनी बंद केलेली पडवी पुन्हा उघडी करा. पावसाळ्यात झडीसाठी चार महिने झापे (विणलेल्या झावळ्या) बांधले की काम भागते.

पाचवी पायरी: छप्पर

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रत्नागिरीच्या आसपास सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळे छपरावर पडते. म्हणून उष्णतेवर खर्च करायचा तर इथेच.

मंगळुरी कौल १८६५ मध्ये बासेल मिशनच्या मंगळूरच्या कारखान्यात सुरू झाले आणि किनाऱ्याने वर पसरले. एक चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात, १०० चौरस फुटांना १४०. उतरवताना दर शंभरात दहा फुटतील असे धरा आणि त्याच छापाची जुनी कौले आधी जमवा. वेगळ्या कारखान्याची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत आणि गळती तिथेच सुरू होते. जुने कौल बोटाने वाजवा, खणखणीत वाजले तर चांगले. शंका असेल तर कोरडे वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. एक-पंचमांशाहून जास्त वाढले तर बाजूला ठेवा.

उष्णता अडवायची सर्वांत टिकाऊ रचना अशी. कौले आणि रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) उतरवा. वाशांवर खालून दिसायला बांबूची चटई किंवा अर्ध्या इंची फळ्या. त्यावर ॲल्युमिनियमचे परावर्तक फॉइल, वळचणीकडून आढ्याकडे, वरचा पट्टा खालच्यावर सहा इंच चढवून. त्यावर प्रत्येक वाशाच्या रेषेत एक इंच जाडीची उभी पट्टी ठोका. मग आडव्या रिपा, मग कौल. उभ्या पट्टीमुळे फॉइल आणि कौल यांच्यात हवेची पोकळी राहते. चुकून कौल फुटले तरी पाणी फॉइलवरून वळचणीला निघून जाते. ही पोकळी खाली वळचणीला आणि वर आढ्याला उघडी असली पाहिजे, नाहीतर आतली हवा तापून फॉइलचा उपयोग जातो. म्हणून फॉइल आढ्यापासून तीन इंच अलीकडे थांबवा. उभ्या पट्टीऐवजी फॉइल थेट रिपांखाली ताणून बसवण्याची चूक वारंवार होते. चमकणाऱ्या बाजूला पोकळी नसेल तर फॉइल साध्या पत्र्यासारखेच उष्णता पुढे देते. रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका, हातातली दहा कौले एकात एक अडकवून मोजा आणि सरासरी काढा.

पैसे कमी असतील तर फक्त निजायच्या खोलीवर फळ्यांचा माळा घाला आणि माळ्यावरची हवा झरोक्यांनी खेळती ठेवा. सिलिंग कौलांचा दुहेरी थरही चांगला, पण वजन वाढते, वासे आधी तपासा.

कौलांवर पत्र्याचा मांडव बांधण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. शाकारणीचा त्रास वाचतो हे खरे, आणि माणसेही मिळत नाहीत हेही खरे. तसे करायचेच तर पत्रा आणि कौल यांत किमान नऊ इंच अंतर, दोन्ही टोके जाळी लावून उघडी, पत्रा वरून पांढरा. आणि बांधणी पक्की. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागात असंख्य छपरे उडाली. वारा छप्पर वर उचलतो, म्हणून वासे भिंतीवरच्या आडव्या तुळईला लोखंडी पट्टीने बांधा आणि ती तुळई भिंतीत तीन फूट खाली गजाने अडकवा. वळचणीच्या पहिल्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची ओळ, एवढी कौले रिपेला तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेने बांधा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधे खिळे काही वर्षांत गंजून डोके टाकतात, स्टेनलेसचेच घ्या.

उजेडासाठी काचेची कौले उत्तरेच्या पाखीवर (छपराच्या उतारावर), एका खोलीला दोन पुरतात. दक्षिणेला लावली तर दुपारी उन्हाचा पट्टा खोलीत उतरतो.

हे सगळे २५ मेच्या आत संपले पाहिजे. त्यानंतर वळवाचा पाऊस कधीही येतो. एका वेळी एकच पाखी उघडा आणि ताडपत्री हाताशी ठेवा.

सहावी पायरी: वीज

आता बिल पाहा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. चार पंखे दिवसाला १२ तास धरले तर ४५ × ४ × १२, म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिटांच्या जवळ बचत. गावात व्होल्टेज पडते तेव्हाही बहुतेक बीएलडीसी पंख्यांचा वेग टिकतो, हा आणखी एक फायदा. गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जाते. सोलर बंब उन्हाळ्या-हिवाळ्यात उत्तम, पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका.

जुनी वायरिंग लाकडी पट्टीतली आणि बिनअर्थिंगची असेल तर पूर्ण बदला. जांभ्यात खोबण्या पाडू नका, पाइप भिंतीवरूनच न्या. दिव्यांना १.५, प्लगना २.५, एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. कातळावर अर्थिंग लागत नाही, परसातली ओलसर जागा शोधून तिथे खड्डा घ्या.

एसी हवाच असेल तर एका खोलीला, आणि त्या खोलीला घट्ट छत व बंद होणारी दारे असतील तरच. उघड्या कौलांखाली एसी लावणे म्हणजे गाव थंड करणे.

सोलर छपरावरच हवे असे नाही. कौलांवर बसवायचे तर हूक वाशाला बोल्टने जातात, कौलावर भार पडता कामा नये. जागा असेल तर गोठ्यावर, मागच्या स्लॅबवर किंवा परसात लोखंडी मांडवावर बसवा, दुरुस्तीलाही सोपे. माडाखाली कधीही नाही, नारळ पडतो आणि एका झावळीची सावलीही उत्पादन खूप पाडते. १ किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर मोकळी जागा, दक्षिणेकडे तोंड, १६ ते १८ अंश कल. वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिटांच्या आसपास, पावसाळ्यात निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. महिना १५० युनिटांच्या घराला दीड ते दोन किलोवॅट पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले. पॅनल भारतीय बनावटीचे असणे ही अट आहे.

ग्रिडला जोडलेले साधे सोलर लाइट गेली की बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते तसेच बनवलेले असते. पण वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते, म्हणून एक छोटा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी वेगळी ठेवा. तीन बीएलडीसी पंखे आणि पाच एलईडी दिवे त्यावर साधारण आठ तास चालतात.

घर बंद करून जाताना

वर्षातले बरेच महिने घराला कुलूप असेल तर झरोके आणि खिडक्यांच्या वरच्या झडपा उघड्याच ठेवा, गज आणि जाळी आहेतच. गाद्या-गोधड्या भिंतीपासून सहा इंच दूर, लाकडी घडवंचीवर ठेवा. फ्रिज रिकामा करून दार उघडे सोडा. मेन स्विच बंद करण्याआधी सोलरची लाइन वेगळ्या स्विचवर आहे ना ते पाहा, नाहीतर तुम्ही नसताना तयार होणारी वीज ग्रिडला जाणारच नाही. शेजारच्या काकींना किंवा वाडीतल्या कोणाला पंधरा दिवसांनी एकदा पुढचे-मागचे दार तासभर उघडायला आणि पन्हळीतला पाला काढायला सांगा, आणि त्या कामाचे पैसे ठरवून द्या.